बुधवारी पाय मोकळे

गुलमर्ग,
४ फेब्रुवारी २०२६

आबा,

मी पोहोचले, त्याला दहा दिवस झाले. थंडी आहे. तुम्ही दिलेली घोंगडी माझ्या खोलीतल्या शमीमने पळवली आहे आणि ती परत देण्याची लक्षणं नाहीत.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि पप्पूदादा तुमचं बोलणं स्वतःच्या मापाने कापून सांगतो. रविवारी विचारलं, आबा काय म्हणाले? तर म्हणाला, "बरं हाय म्हणत्यात." तुम्ही एवढंच म्हणाला असाल असं वाटलं नाही. म्हणून पत्र. माझं फोनचं कार्ड इकडे चालत नाही. हॉटेलच्या काउंटरवरून फोन करता येतो, तोही रविवारी. त्यामुळे तिकडून मला कोणी फोन लावू शकणार नाही हे लक्षात असू द्या.

काम सांगते. हॉटेलची स्कीची शाळा आहे. पायाला लांब पट्ट्या बांधून लोक बर्फावरून घसरतात. मोठी माणसं, शिकलेली, पडतात आणि हसतात. मी आणि शमीम त्यांना उचलतो. शमीम कामशेतची आहे, तिकडे पॅराग्लायडिंगवाल्यांकडे कामाला होती. मोठ्या सरांनी मला विचारलं, तोल कुठे शिकलीस? मी म्हणाले, घाटात. त्यांना खंडाळ्याचा घाट वाटला. मग सांगावं लागलं की आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीची चढाची वाट म्हणजे घाट, बैल खालून वर पळतात, त्यांच्या पुढे घोडी असते आणि त्या घोडीवर मी बसायचे. सर म्हणाले, "पडली नाहीस कधी?" मी म्हणाले, पडले असते तर मागे आमचा पाखऱ्या बैल होता.

आज बुधवार. बुधवारी उतारावर कोणी जात नाही. रविवारी नवी तुकडी येते, तीन दिवस घसरते, चौथ्या दिवशी पाय मोकळे. सर म्हणतात, दमलेला पाय खोटं बोलतो, मी ठीक आहे म्हणतो. पाहुणे गरम पाण्यात पाय बुडवून बसतात, पत्ते खेळतात, खिडकीतून उताराकडे बघत राहतात. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नाही. पहिल्या बुधवारी छान वाटलं. आज जरा जड गेलं. तेव्हा दोरा वळायला घेतला.

तो सोबत ठेवला आहे. काळा, चार पदरी. दुसरं टोक शमीमने धरलं. यात्रा २६ ला ना? पाखऱ्याच्या उजव्या पुढच्या पायात, खुराच्या वर, नेहमीसारखा. माझ्या बारावीच्या वर्षी मी यात्रेला नव्हते, पप्पूदादाने बिनदोऱ्याचा जुंपला आणि गाडा उलटला, तेव्हापासून तो माझ्या दोऱ्याशिवाय जुंपत नाही. या वर्षी माझ्या नावाने तुम्ही बांधा. दोरा म्हणजे मी हात फिरवून बघितलं असं समजायचं.

तुमची,
सृष्टी


आंबी,
१४ फेब्रुवारी

चि. सृष्टी,

तुझं पत्र काल मिळालं. दोरा मिळाला. वीण चांगली आहे.

आता मी लिहितो ते नीट वाच. पाखऱ्याचा पाय बरा नाही. उजवा, पुढचा. दावणीला उभा असला की तो पाय अर्धा हात पुढे टाकून ठेवतो. टेकतो, पण भार देत नाही. पाण्याला जाताना पहिली चार पावलं मोजून टाकतो, मग विसरतो. पळवला की काहीच दिसत नाही. त्याचं दुखणं उभं असताना बघायला पाहिजे, आणि पप्पूला उभं राहायला वेळ नाही. कंपनीतून येतो, त्याला माळावर नेतो, पळवतो, खूश होतो.

जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी सांध्यावर बोट दाबलं तर पाखऱ्याने अंग काढून घेतलं. म्हणाले, दोन महिने जुंपू नका. ते गेल्यावर पप्पू म्हणाला, "ह्यो डॉक्टर दुधाच्या म्हशींचा. पळत्या बैलाचं त्याला काय कळतंय." मी म्हणालो, मला कळतंय. तर म्हणाला, "आबा, तुमाला समदीच जनावरं लंगडी दिसत्यात." बोलताना तो माझ्याकडे तोंड करतो, म्हणजे मला ओठ वाचता यावेत. तेवढा चांगला आहे.

त्याचंही एक आहे. कान्हे गावचे पाहुणे यात्रेला येणार आहेत. मुलगी दाखवायची नाही, मुलगा बघायचा आहे. त्याला गाड्यापुढे उभं राहून दिसायचं आहे. आजवर तीन ठिकाणांहून नकार आला, ते तुला ठाऊक आहे. मी बाप आहे, मलाही ते हवं आहे.

दोरा मी त्याला दिलेला नाही. टोपीच्या घडीत ठेवला आहे. आला असं सांगितलेलंही नाही. दोरा नसला तर तो जुंपणार नाही. एवढं एकच माझ्या हातात आहे. तू रविवारी फोन करशील तेव्हा त्याला म्हण की या वर्षी मी दोरा देत नाही. कारण सांगू नको. माझं नाव निघालं तर तो मुद्दाम जुंपील. तुझं ऐकेल.

बुधवारची रीत मला आवडली. तुझ्या सरांना नमस्कार सांग.

आशीर्वाद.
गेणू


गुलमर्ग,
१८ फेब्रुवारी

आबा,

तुमचं पत्र आलं नाही. वाटेत असेल. इथे टपाल खालच्या गावापर्यंत येतं, तिथून गाडी मिळेल तेव्हा वर.

आज परत बुधवार. या तुकडीत पुण्याचे एक निवृत्त मास्तर आहेत. काल पडले, गुडघा सुजला, कुणाला सांगितलं नाही. आज सकाळी जिना उतरताना कठडा धरला तेव्हा मी बघितलं. म्हणाले, "बाई, बोलू नका. पैसे भरलेत, मुलांना फोटो पाठवायचेत." मी सरांना सांगितलं. मास्तर आता माझ्याशी बोलत नाहीत. गरम पाण्याची पिशवी मात्र माझ्याकडूनच घेतात.

रविवारी पप्पूदादाशी बोलले. फार खुशीत होता. पाखऱ्या कसा आहे विचारलं तर म्हणाला, "वाऱ्यावानी पळतोय, सेकंदाचा आकडा फुटंल बघ या साली." कान्ह्याच्या पाहुण्यांचं पण कळलं. लाजला, आबा! फोनवर लाजलेलं कळतं. मी म्हणाले, मग दोरा नीट बांधा. तर म्हणाला, "कुटला दोरा? तू कुटं धाडलास?" मी म्हणाले, आबांच्या पत्रात घातलाय, कधीच. तो म्हणाला, आबांनी काही सांगितलं नाही. मी म्हणाले, विसरले असतील, टोपीच्या घडीत बघ, ते महत्त्वाचं सगळं तिथे ठेवतात आणि मग दिवसभर शोधतात.

चिडू नका. खरंच आहे ते.

बाहेर कालपासून बर्फ थांबलेला नाही. शमीम म्हणते, "कामशेतला वारा नसला की बसून राहायचो, हितं बर्फ जास्त झाला म्हणून बसायचं. आपल्या नशिबात नुसतं बसणं दिसतंय." घोंगडी अजून तिच्याकडेच आहे.

सृष्टी


आंबी,
२० फेब्रुवारी

चि. सृष्टी,

रविवारी रात्रीच पप्पूने दोरा मागितला. आला नाही, असं मी म्हणालो. तर म्हणाला, "मंग सृष्टी खोटं बोलती व्हय?"

तुला खोटं पाडता आलं नाही. टोपी काढून दिली.

माझं आधीचं पत्र तुला मिळालं नसावं. किंवा मिळालं असेल आणि तुझ्या मनाने तू वेगळं ठरवलं असशील. पप्पूसाठी ठरवलं असशील तर मी समजू शकतो. पण मग तसं मला लिहायचं होतंस. मी चार दिवस वाट बघितली की तू काही लिहिशील.

पप्पूने दोरा देवापुढे ठेवला आहे. यात्रेला घाटावर बैल तपासतात. म्हणून आदल्या दिवशी कोणी माणूस सुई टोचायला येणार आहे. त्या सुईने दोन दिवस दुखत नाही म्हणे. मग पाखऱ्या चारही पायांवर सारखा उभा राहील.

मी माळावर त्याच्यापुढे आडवा पडलो असतो. पण पडून काय. लोक उचलून बाजूला ठेवतील आणि म्हणतील, म्हातारा बहिरा आहे, त्याला गाडा आलेला ऐकू आला नाही.

गेणू


गुलमर्ग,
२५ फेब्रुवारी

आबा,

तुमचं १४ तारखेचं पत्र आज सकाळी मिळालं.

ते परवा संध्याकाळीच काउंटरवर आलं होतं. आम्ही मागच्या इमारतीत राहतो, कामाच्या दिवशी काउंटरकडे जाणं होत नाही. आज सुट्टी म्हणून गेले. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली होतं. तिथेच उभी राहून वाचलं. मग फोन उचलला तर त्यात आवाजच नाही. मॅनेजर म्हणाले, "कल शाम से लाइन बंद है. बर्फ में तार गिर गई." नेटही त्याच्याबरोबर गेलं. विचारलं, कधी सुरू होईल? "कल. शायद."

मी म्हणाले, मला आज हवा आहे. ते म्हणाले, "बेटा, सबको आज चाहिए." त्यांच्यामागे पाहुणे उभे होतेच, विमानाचं विचारायला.

रस्ता बंद आहे. खालच्या गावात फोन चालू असतील असं एकजण म्हणाला. बर्फ काढणारं यंत्र अर्ध्यात अडकलं आहे. मी सरांना म्हणाले, मी स्की घालून जंगलातून खाली जाते. सरांनी खिडकीतून वर डोंगराकडे बघितलं. एवढा नवा बर्फ, तो कधीही सुटतो. म्हणाले, "आज उतारावर कोणी पाय ठेवणार नाही. तू तर नाहीच." मी बैलाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या स्की कुलपात ठेवल्या.

दुपारी शमीम आणि मी रस्त्याने चालत वळणापर्यंत गेलो. तिथे कधी कधी सिग्नल लागतो. शमीमचं कार्ड इथे चालतं. तिथे आधीच दहाबारा माणसं हात वर करून उभी होती, प्रत्येकाच्या हातात फोन. शमीम म्हणाली, "बघ, समदी आभाळाला भीक मागत्यात." मी हसले. नंतर वाटलं, कशी हसले.

एकदा सिग्नलची दांडी आली. मी फोन लावला. एक घंटा गेली आणि तुटला. मग लिहिलं, पप्पूदादा, दोरा बांधू नको, माझा शब्द मी मागे घेते, पाय बघ, उभा असताना बघ. पाठवलं. त्यापुढे घड्याळाचं चित्र आलं. ते गेलंच नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे होतो. मला पाय जाणवेनात तेव्हा शमीमने ओढत आणलं. वाटेत म्हणाली, "भाऊ जुंपायच्या आधी एकदा तरी फोन बघंल ना?" मी म्हणाले, जुंपायच्या आधी तो फक्त बैलाकडे बघतो.

मास्तरांच्या गुडघ्याचं मी दुरून ओळखलं आणि त्याची ऐट तुम्हाला लिहून कळवली. पाखऱ्याचं मी फोनवर पप्पूदादालाच विचारलं. आणि तुमची टोपी दाखवून दिली. टोपीचं हसत लिहिलेलं ते पत्र आता वाटेत असेल, किंवा तुमच्या हातात. ते थांबवता येत नाही. हेही लवकर पोहोचवता येत नाही.

आता खोलीत आहे. बुखारी, म्हणजे इथली लाकडाची शेगडी, पेटवली आहे. शमीमने घोंगडी माझ्या अंगावर घातली. पाहुणे खाली गाणी म्हणत आहेत. उद्या ते ताज्या पायांनी उतारावर जातील. उद्या सकाळी गाडे सुटतील. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा त्याचा काही उपयोग नसेल, हे कळत असून लिहिते आहे, कारण दुसरं काही करायला नाही. आज दिवसभर मला कोणी काही काम सांगितलं नाही.

सृष्टी


आंबी,
६ मार्च

चि. सृष्टी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. टोपीचं आधी आलं, दुसरं काल. मी तुझ्याबद्दल २० तारखेला जे लिहिलं ते विसर. ते तुला अजून मिळालं नसेल तर मिळाल्यावर वाचू नको.

शर्यतीत आपली बारी कशी झाली ते लिहितो. पप्पूने दोरा बांधला. मी गेलो नव्हतो, मग गेलो. घरात बसवलं नाही. पाखऱ्या चारही पायांवर सारखा उभा होता, गुलालात. तपासणाऱ्याने पाठीवर थाप मारली. घोडी दत्तोबाच्या पोराकडे होती. निशाण पडलं. मला लोकांची तोंडं उघडलेली दिसली, त्यावरून कळलं की गाडा चांगला पळतोय. पहिल्या नंबरात आला. वर, घाटाच्या माथ्यावर गाडा थांबला आणि पाखऱ्या खाली बसला. लोकांना वाटलं दमला. भंडारा उधळत होते. मी वर पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला.

पाय सांध्यात मोडला आहे. टेम्पोत घालून आणला. तेच म्हशींचे डॉक्टर आले. म्हणाले, खात असेल तोवर खाऊ घाला.

कान्ह्याचे पाहुणे वर आलेच नाहीत. खालूनच गेले. निरोप नाही.

पप्पू कामावर जात नाही. गोठ्यात निजतो. तुझा वळणावरचा निरोप बारीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर आला. त्याने तो मला वाचून दाखवला नाही, फोनच हातात दिला आणि बाहेर गेला. मी वाचला. तू बरोबर लिहिलं होतंस.

पाय सुजला आणि दोरा आत रुतला. पप्पू हात लावीना. म्हणाला, "जिच्या नावानं बांधला तिनं सोडायचा." मी म्हणालो, ती येणार कधी? कापायला विळा घेतला तर त्याने माझा हात धरला. मग सोडला. मी कापला. पाखऱ्याने पाय ओढून घेतला नाही. पूर्वी ओढला असता.

तुझे फोन येतात. मला ऐकू येत नाही, पण पप्पूचा फोन गोठ्यात फळीवर असतो, त्याला उजेड येतो, तुझं नाव उमटतं (हॉटेलचा नंबर पप्पूने तुझ्या नावाने ठेवला आहे), मग विझतं, मग परत उजेड. पप्पू बघत राहतो, उचलत नाही. रविवारी चार वेळा आला. तू यावंस असं मी लिहीत नाही. तुझं काम मार्चअखेरपर्यंत आहे, आणि इथे येऊन करण्यासारखं काही उरलेलं नाही.

चौथ्या वेळी पप्पू पाणी आणायला गेला होता. हिरव्यावर बोट ठेवायचं हे मी त्याला करताना पाहिलं आहे. ठेवलं. फोनवर वेळेचे आकडे चालू झाले, म्हणजे तू बोलत असणार. माझ्या कानाला लावून उपयोग नव्हता. मी फोन पाखऱ्याच्या कानाशी धरला.

आकडे बराच वेळ चालले. त्याने दोनदा कान हलवला, मान वळवून दाराकडे बघितलं आणि पुढचे पाय पोटाखाली घेऊन उठायचं करून बघितलं. मी फोन बंद केला.

काय म्हणालीस ते लिहून कळव.

गेणू